एका मिलिमीटरची मूठ

एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या छायाचित्रात तो लगदा मला पहिल्यांदा दिसला. चकाकत्या रंगाचं धातूचं धनुष्य, कार्बनच्या पट्ट्या, पुढे रोखलेला लांबलचक स्टॅबिलायझर, सगळं यंत्रावर कातून काढलेलं. आणि नेमकं तळहाताच्या खाली, मळक्या राखाडी रंगाचं काहीतरी थापलेलं, बोटांच्या खुणांसकट. गळका पाइप बुजवायला प्लंबर वापरतात ते एम-सील. लाखाच्या पुढे किंमत जाणाऱ्या धनुष्यावर हे कोणी थापलं असेल आणि कशासाठी, हे विचारत गेलो, तेव्हा एका प्रशिक्षकाने सांगितलं, "त्यासाठी लांब कशाला जाता? आपल्या माधव नगरातच एक काका हे काम करतात."

उज्जैनमध्ये फ्रीगंजच्या टॉवरपासून चालत जाण्याच्या अंतरावर त्यांचं घर आहे. शिंद्यांची राजधानी १८१० मध्ये इथून ग्वाल्हेरला गेली, मराठी घरं मात्र इथे राहिली. काका अशाच एका घरातले. नाव छापू नका म्हणाले, म्हणून काकाच लिहितो. उमेदीत ते इथल्या कापडगिरणीत फिटर होते. गिरण्या बंद पडल्या, कानशी आणि शिकंजा घरी आला. पुतणी तिरंदाजी करू लागली आणि धनुष्याची मूठ हाताला रुतते म्हणाली, तेव्हा त्यांनी ती घासून दिली. तिथून हे काम सुरू झालं.

अंगणामागच्या खोलीत शिरलं की आधी वास गाठतो. रेझिन आणि हार्डनर एकत्र मळले की सुटणारा उग्र, आंबूस दर्प, आणि त्यात घासलेल्या लाकडाची भुकटी. हा वास कपड्यांना चिकटतो. घरी गेल्यावरही बाहीतून येत राहायचा, आणि आला की ती खोली पुन्हा डोळ्यांसमोर उभी राहायची.

एके दिवशी कॉलेजच्या पहिल्या वर्षातली एक मुलगी आली होती, सोबत आई. रिकर्व्ह धनुष्य, ३६ पौंडांचं. तक्रार एकच: बाण वरखाली फारसे जात नाहीत, पण डावी-उजवीकडे पसरतात. काकांनी धनुष्याकडे पाहिलंच नाही. "डावा हात दे," म्हणाले, आणि तळहात खिडकीच्या उजेडात धरून घट्टे पाहू लागले. अंगठ्याच्या बुडाशी असायला हवा तिथे घट्टा नव्हता. करंगळीच्या बाजूला मात्र कातडी जाड, पिवळट झाली होती.

"आधी काय खेळत होतीस?"

"मल्लखांब, काका. सहावीपासून दहावीपर्यंत."

"तरीच."

उज्जैनमध्ये हे उत्तर नवलाचं नाही. मल्लखांब हा मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये राज्यखेळ म्हणून स्वीकारला आणि इथल्या योगेश मालवीय यांना त्यासाठी २०२० चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. या शहरातली मुलं पकड शिकतच मोठी होतात. तिरंदाजीत धनुष्याच्या हाताला नेमकं उलटं करायचं असतं. धनुष्य पकडायचं नाही, त्याला फक्त टेकू द्यायचा. बोटं सैल, सांधे साधारण ४५ अंशांत तिरके, आणि सगळा दाब अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या त्या मांसल भागावर, ज्याला हस्तरेषा पाहणारे शुक्राचा उंचवटा म्हणतात. आयुष्यरेषेच्या पलीकडे, करंगळीच्या अंगाला हात टेकला की धनुष्य पिळवटतं. बाण सुटल्यावर धनुष्य पडू नये म्हणून अंगठा आणि तर्जनीत बुटाच्या नाडीचा फास अडकवलेला असतो, त्याला फिंगर स्लिंग म्हणतात. धनुष्य हातातून पुढे झेपावतं आणि त्या नाडीत अडकतं. पडेल या भीतीने ज्याची बोटं आवळली, त्याचा बाण बाजूला गेलाच.

किती बाजूला? काकांनी भिंतीवर खडूने लिहिलेलं गणित दाखवलं. पूर्ण ओढलेल्या स्थितीत बाणाच्या टोकापासून दोरीत अडकलेल्या त्याच्या खाचेपर्यंत सुमारे सत्तर सेंटीमीटर. निशाण सत्तर मीटरवर. म्हणजे शंभरपट. "इथे एक मिलिमीटर, तिथे दहा सेंटीमीटर," ते म्हणाले. निशाणावरचं दहा गुणांचं वर्तुळ १२.२ सेंटीमीटर व्यासाचं असतं. मध्यापासून दहा सेंटीमीटर सरकलेला बाण सरळ नऊमध्ये जातो. नंतर कानस चालवताना, पॉलिश पेपर बदलताना, मुलीच्या आईला समजावताना ते वाक्य त्यांच्या तोंडी पुन्हा पुन्हा आलं. इथे एक मिलिमीटर, तिथे दहा सेंटीमीटर.

मग काम. मूळ मूठ, म्हणजे ग्रिप, स्क्रू काढून वेगळी केली, तेलकटपणा पुसला, एम-सीलची पुट्टी धरावी म्हणून पृष्ठभाग खरबरीत केला आणि पुन्हा बसवली. आजूबाजूच्या धातूवर चिकटपट्टी लावली.

पुट्टी लावण्याआधी त्यांनी ग्रिपवर निळ्या खडूची भुकटी चोळली आणि मुलीला धनुष्य ओढायला सांगितलं. भिंतीशी गवताचा जाड गठ्ठा रचलेला होता. दोनेक पावलांवरून त्यात बाण मारायचे. निशाण नाही, गुण नाहीत, डोळे मिटले तरी चालेल. प्रत्येक बाणानंतर तळहात पुढे करायचा. निळा डाग कधी अंगठ्याखाली, कधी तळहाताच्या मध्यावर, कधी थेट करंगळीच्या कडेला. दर वेळी हात वेगळ्या जागी बसत होता आणि मुलीला त्याचा पत्ता नव्हता. तिसऱ्या की चौथ्या बाणानंतर ती स्वतःच हाताकडे बघत राहिली. आई मागून म्हणाली, "अगं, हे तर सगळीकडेच लागलंय." इतके दिवस मनाला लावून घेतलेली चूक तिला तळहातावर निळ्या रंगात दिसत होती. पुढे बराच काळ माझ्या मनात राहिला तो हा क्षण.

एम-सीलच्या दोन कांड्या मळल्या जाताना रंग एकजीव होतो आणि गोळा हाताला किंचित कोमट लागतो. रसायन आपलं काम सुरू करतं. उज्जैनच्या उन्हाळ्यात तो फार लवकर घट्ट होतो, म्हणून मे महिन्यात काका हे काम भल्या पहाटे करतात. गोळा ग्रिपवर थापला, वर पातळ प्लास्टिक गुंडाळलं, आणि मुलीने बाण लावून धनुष्य पूर्ण ओढलं. सोडायचं नाही, सावकाश परत आणायचं. पुन्हा ओढायचं. रिकाम्या दोरीने हे चुकूनही करू देत नाहीत. बाण नसताना दोरी सुटली तर धनुष्याच्या पट्ट्या तडकू शकतात.

नुसता हात दाबून ठसा का घेत नाही, असं मी विचारलं. काकांनी माझाच हात टेबलावर ठेवला, मग त्यावर स्वतःचा भार टाकला. हात पसरला, उंचवटे सपाट झाले. ३६ पौंड म्हणजे सोळा किलोंहून जास्त दाब. तो आल्यावर हात निराळाच होतो. विसावलेल्या हाताचा ठसा घेतला तर ग्रिप भलत्याच हाताची होते. कंपाउंड धनुष्यात चाकांमुळे पूर्ण ओढल्यावर भार पुष्कळच उतरतो. पण तिथे हलका हात जरा वळला तरी धनुष्य फिरतं. म्हणून अनेक कंपाउंड तिरंदाज ग्रिप काढून टाकून उघड्या धातूवरच हात टेकवतात.

मला वाटलं होतं, ठसा उमटला की झालं. खरं काम तिथून पुढे होतं. पुट्टी घट्ट झाल्यावर काकांनी अर्धगोल कानस घेतली आणि तो सुबक ठसा घासून काढायला सुरुवात केली. बोटांच्या खाचा गेल्या. करंगळीकडची सगळी भर गेली. "मोज्यासारखी बसली की खेळाडू खूश होतो," ते म्हणाले, "पण हात सकाळी वेगळा, दुपारी वेगळा. घाम आला, सूज आली की मोजा घट्ट होतो. मग बोटं त्या खाचा शोधत बसतात." त्यांना हाताला आराम द्यायचा नव्हता. हाताला टेकायला एकच जागा उरावी, बाकी ठिकाणी त्याला आधारच मिळू नये, हे त्यांना हवं होतं. शेवटी उरला तो अंगठ्याच्या बुडाखालचा एक सपाट उतार आणि त्याच्या कडेला बारीकशी धार. हात चुकीच्या जागी गेला की ती धार टोचते. थापलेल्यातला बराचसा भाग जमिनीवर भुकटी होऊन पडला होता.

मग पुन्हा निळा खडू, पुन्हा गठ्ठ्यावर बाण, पुन्हा कानस. इथे कानशीचे दोन हात, तिथे पॉलिश पेपरचे चार. पृष्ठभाग त्यांनी गुळगुळीत केला नाही. घामात घसरू नये एवढा खरबरीतपणा राखला. डाग हळूहळू एकाच जागी येऊ लागला. मुलीची बोटंही सैल पडत होती. तिला कोणी सांगितलं नव्हतं. पकडण्याजोगं काही उरलंच नव्हतं.

मधेच एक वडील मुलाला घेऊन आले. मुलगा बारा वर्षांचा असेल, अजून बांबूच्या धनुष्यावर. इंडियन राउंड म्हणतात तो प्रकार. बांबूचं धनुष्य, हाताशी गुंडाळलेलं कापड, साईट नाही. लवकरच नवं धनुष्य घ्यायचं, तर त्याच वेळी हाताची ग्रिपही करून ठेवू, असा वडिलांचा विचार. काकांनी मुलाला हात लांब करून उभं केलं, खांदा पाहिला, कोपर पाहिलं, आणि नाही म्हणाले. "याचं कोपर अजून रोज वेगळं वळतं. आज ग्रिप केली तर आजची चूक पक्की होईल. शिवाय हात वाढतोय. दोन वर्षांनी या." वडील पैशांचं बोलू लागले, तर काकांनी विषयच बदलला. हे नाही म्हणणं मला त्यांच्या कानशीइतकंच मोलाचं वाटलं. बाजारात लो, मीडियम, हाय अशा तयार ग्रिप मिळतात, त्या तो मुलगा खुशाल वापरील. मनगट किती वाकवायचं एवढाच फरक त्या करतात आणि शिकत्या हाताला तेवढं पुरतं.

तिरंदाजीत सगळ्यांच्या पुढे असलेला दक्षिण कोरिया हेच काम यंत्राने करतो. तिथल्या खेळाडूंसाठी ह्युंदाईने हात स्कॅन करून, थ्री-डी छपाईने ज्याच्या-त्याच्या ग्रिप बनवल्या. टोकियो ऑलिंपिकमध्ये तिरंदाजीतली पाचपैकी चार सुवर्णपदकं त्यांची होती, पॅरिसमध्ये पाचच्या पाच. पदकं ग्रिपमुळे आली असं कोणी म्हणणार नाही. पण एवढ्या पुढे असलेल्या देशाला एवढी मोठी कंपनी लावून हे करावंसं वाटलं, यावरून त्या एका मिलिमीटरची किंमत कळते. यंत्राचा फायदाही खरा आहे: ग्रिप हरवली, फुटली, तर तशीच दुसरी छापून मिळते. काकांची ग्रिप फुटली तर पुन्हा पहिल्यापासून.

तरी काय ठेवायचं आणि काय घासून टाकायचं, हे स्कॅनरला कोणीतरी सांगावं लागतं. तो निर्णय आपल्याकडे जिल्ह्याच्या मैदानांवर कोण घेतं? आपल्या खेळाडूंचा दर्जा आता वादाचा विषय नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी कंपाउंडची जगज्जेती झाली; त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण घेतले. दोघेही साताऱ्यात उसाच्या शेतात उभ्या राहिलेल्या प्रवीण सावंतांच्या अकादमीत घडले. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव त्याआधी टोकियोला रिकर्व्हमध्ये खेळला. मुलं शेतातून येतात, धनुष्य कर्ज काढून येतं. मग ते धनुष्य हाताला बसवून देणारा माणूस मात्र नशिबाने मिळाला तर मिळाला. मध्य प्रदेशात राज्य अकादमी जबलपूरला आहे. तिथे पोचलेल्याची सोय होते. त्याच्या अलीकडे राहिलेल्यांना माधव नगरातली ही खोली आहे, तीही माहीत असली तर.

मला यात अन्याय दिसतो, आणि तो दूर करायला फार पैसे लागत नाहीत. शंभर रुपयांच्या आतली पुट्टी, एक अर्धगोल कानस, खडू. महाग आहे ती नजर. घट्टे वाचणारी, निळ्या डागावरून कोपर ओळखणारी, आणि बारा वर्षांच्या मुलाला परत पाठवणारी. ती शिकवता येते. काका ती शिकवायला तयार आहेत. आजवर कुठल्या प्रशिक्षण शिबिराने त्यांना बोलावलेलं नाही. जिल्हा प्रशिक्षकांच्या अभ्यासक्रमात या कामाला दोन दिवस मिळाले, तरी कितीतरी मुलांचे वाया जाणारे महिने वाचतील.

निघताना मुलीने पैसे विचारले. काकांनी पुट्टीचे घेतले, मजुरीचे नंतर म्हणाले. मग कानस आणि पॉलिश पेपरचा एक तुकडा तिच्या हातात ठेवला. महिनाभर रोज बाण कुठे पडले ते वहीत लिहायचं, घट्टा कुठे येतोय ते पाहायचं, आणि कुठे टोचत राहिलं तर स्वतः घासायचं.

"जास्त घासलं गेलं तर?" तिने विचारलं.

"तर परत भरू. पण हात तुझा आहे, काय बोचतं ते तुलाच कळणार. थोडं घास, बाण मार, मगच पुढचं. इथे एक मिलिमीटर..."

"तिथे दहा सेंटीमीटर," तिने पुरं केलं, आणि कानस धनुष्याच्या पेटीत ठेवली.