वंचक
बगळ्यांच्या आर्डीडी कुलातील एक लहान पक्षी. याला ढोकरी किंवा भुरा बगळा असेही म्हणतात. याचे शास्त्रीय नाव आर्डिओला ग्रेयाय असे असून दख्खनमधील पक्ष्यांचे अभ्यासक विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३२ मध्ये या जातीचे शास्त्रीय वर्णन प्रथम केले. जातिनाम ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड ग्रे यांच्यावरून दिलेले आहे. दक्षिण इराणपासून भारत, श्रीलंका व म्यानमारपर्यंत हा आढळतो. तळी, भातखाचरे, ओढे, दलदली, खाजणे इतकेच नव्हे, तर गावालगतची डबकीही याला पुरतात.

याची लांबी सु. ४५ सेंमी. असते. नर व मादी दिसायला सारखीच असतात. एरवी पाठ मातकट तपकिरी असून डोके, मान व छाती यांवर गडद रेषा असतात. पंख व शेपटी पांढरी असते. परंतु पक्षी मान आखडून बसला म्हणजे पाठीवरील पिसांखाली पंखांचा पांढरा रंग झाकला जातो आणि तो चिखलात व गवतात मिसळून जातो. अगदी जवळ गेल्यावर तो एकाएकी उडतो व शुभ्र पंख दिसू लागतात. वंचक हे नाव त्याला शोभते ते यामुळेच.

भक्ष्य पकडण्याची याची रीतही याला साजेशी आहे. उथळ पाण्याच्या काठी तो बराच वेळ निश्चल उभा राहतो आणि भक्ष्य टप्प्यात येताच मान झटकन पुढे फेकून चोचीत पकडतो. मासे, बेडूक, बेडूकमासे, खेकडे व कीटक हे याचे अन्न होय.

विणीच्या हंगामात पाठीवर गर्द तांबूस-किरमिजी पिसे आणि डोक्यामागे लांब तुरा येतो. महाराष्ट्रात वीण मुख्यतः पावसाळ्यात होते. कारण पिलांना लागणारे अन्न तेव्हा विपुल असते. इतर बगळ्यांबरोबर तो मोठ्या झाडांवर, पुष्कळदा भरवस्तीतही, वसाहत करून काटक्यांची घरटी बांधतो. काटक्या नर आणतो व घरटे मादी रचते. मादी ३–५ निळसर-हिरवी अंडी घालते. पिलांना दोघेही भरवतात.

ही जाती आज विपुल असून संकटग्रस्त मानली जात नाही. मात्र तिला चरण्यासाठी उथळ पाणी आणि विणीसाठी त्याच्या आसपास मोठी झाडे अशी दोन्ही लागतात. डबकी व पाणथळी बुजविल्याने अन्न नाहीसे होते. तर विष्ठेची घाण व दुर्गंधी यांमुळे वस्तीतील झाडे विणीच्या काळात छाटली गेल्यास अंडी व पिले नष्ट होतात. म्हणून छाटणी वीण आटोपल्यावर करणे इष्ट ठरते.