नेपाचा कागद आणि जुनी साप्ताहिकं

जुन्या साप्ताहिकांचे बहुतेक संग्राहक मुखपृष्ठावर जीव टाकतात. माझं मन आतल्या स्वस्त, पिवळ्या पडलेल्या पानांत अडकलं, आणि त्याला माझं जैनाबादला असणं कारणीभूत आहे. तापीकाठचं हे गाव बाहेरच्यांना मुमताजच्या पहिल्या दफनभूमीमुळे, आहूखाना या मुघल बागेमुळे ठाऊक असतं. पण याच बऱ्हाणपूर जिल्ह्यात, खंडवा-भुसावळ लोहमार्गावर नेपानगर आहे, आणि १९८१पर्यंत वृत्तपत्री कागद बनवणारा देशातला एकमेव कारखाना, नेपा, तिथलाच होता.

‘इलस्ट्रेटेड वीकली’ या इंग्रजी साप्ताहिकाचं एखादं चित्रमय पान भिंगाखाली धरून पाहा. ते ग्रॅव्हूर पद्धतीनं छापलेलं. छायाचित्रातल्या सावल्या मखमलीसारख्या उतरतात, पण अक्षरांच्या कडा मात्र दातेरी दिसतात, कारण या पद्धतीत मजकुरालाही जाळीतूनच जावं लागतं. खिळे जुळवून छापलेल्या मराठी मासिकात नेमकं उलटं: अक्षर ठसठशीत, पाठीमागून बोट फिरवलं तर दाबही जाणवतो; फोटोत मात्र ठिपके मोजून घ्यावेत. म्हणून संपादक फोटोंसाठी गुळगुळीत आर्ट पेपरची पानं वेगळी घालत. ती पानं टिकली. शेजारची कथा-कवितांची पानं तपकिरी झाली.

ती तपकिरी का होतात, याचं उत्तर सातपुड्यातल्या सालईच्या झाडात आहे. त्याचा डिंक आपण धूप म्हणून जाळतो. नेपाच्या कारखान्याची आखणीच सालई आणि बांबूवर झाली. लाकूड दगडावर दाबून दळलं की लगदा स्वस्त आणि भरपूर मिळतो, पण त्यात लाकडातलं लिग्निन हे द्रव्य तसंच राहतं. उजेड आणि हवा लागली की ते रंग बदलतं, आणि आम्लामुळे कागद ठिसूळ होतो. दळलेल्या लाकडाचा कागद कॅनडाचा असो वा नेपाचा, त्याचं नशीब हेच. अशा कागदाचं एखादं कात्रण आर्ट पेपरवर ठेवून विसरलात तर काही वर्षांनी तिथे तपकिरी चौकोन उमटतो.

कारखान्याची कंपनी १९४७ साली खासगी भांडवलावर निघाली; पैसा अपुरा पडला तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारनं कारभार हाती घेतला. १९५५मध्ये उत्पादन सुरू झालं, २६ एप्रिल १९५६ रोजी नेहरूंनी कारखाना राष्ट्राला अर्पण केला. क्षमता वर्षाला ३०,००० टन. देशाची भूक त्याहून कितीतरी मोठी, म्हणून बाकीचा कागद आयातीचा, आणि आयात म्हणजे परकीय चलन, परवाने, कोटा.

या टंचाईच्या काळातला माझा सर्वांत आवडता दस्तऐवज एक निकालपत्र आहे. १९५६चा किंमत-पृष्ठ कायदा आणि त्याखालचा १९६०चा आदेश सांगत होता की अमुक किमतीत दैनिकानं अमुकच पानं द्यावीत. पुण्याचा ‘सकाळ’ सहा दिवसांत ३४ पानं देत होता, अंकाची किंमत ७ नवे पैसे. आदेशाप्रमाणे त्या किमतीत २४च पानं बसत. ३४ द्यायची तर अंक ८ नव्या पैशांना विकावा लागणार. ‘सकाळ’ सर्वोच्च न्यायालयात गेला. सप्टेंबर १९६१मध्ये न्या. जनार्दन मुधोळकरांनी लिहिलेल्या निकालात कायदा आणि आदेश दोन्ही घटनाबाह्य ठरले: खप कमी करणं म्हणजे वाचकापर्यंत पोचण्याचं स्वातंत्र्यच कमी करणं. एका नव्या पैशाचा हिशेब मांडत अभिव्यक्तिस्वातंत्र्यापर्यंत पोचणारं इतकं सरळ लेखन मी दुसरं वाचलेलं नाही. पुढे १९७२मध्ये ‘वीकली’ आणि ‘धर्मयुग’ काढणाऱ्या बेनेट कोलमन कंपनीनं सर्वोच्च न्यायालयातच दैनिकांवरची दहा पानांची मर्यादा मोडून काढली.

म्हणून पानं फाडून मुखपृष्ठं आणि जाहिराती सुट्या विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. अंकाला किती पानं, कोणत्या कागदाची, किती पैशांना, हे अंक अखंड असेल तरच कळतं. ‘सोव्हिएत लँड’ या नियतकालिकाची गुळगुळीत पानं मराठी घरांत वह्या-पुस्तकांच्या कव्हरांसाठी गेली, तेही मी समजू शकतो, तिथे कागद कामी तरी आला. अंक जपायचे तर लॅमिनेशन मात्र कधीच करू नये. गंजलेल्या पिना हलक्या हातानं काढाव्यात, मध्ये आम्लरहित कागद घालावा, अंक अंधारात आडवे ठेवावेत.

नेपाचं उत्पादन २०१६मध्ये थांबलं आणि नूतनीकरणानंतर २०२२मध्ये पुन्हा सुरू झालं. आता तिथे सालई लागत नाही. रद्दीतली शाई काढून तिचाच लगदा होतो. ‘वीकली’चे, ‘किर्लोस्कर’चे जे गठ्ठे अजून माळ्यांवर आहेत, ते रद्दीवाल्याच्या तागडीत पडण्याआधी एकदा उघडून पाहायला हवेत.