साष्टीच्या कललेल्या खडकांचे मूळ

मुंबईची उपनगरे ज्या बेटावर वसली आहेत त्या साष्टीत, घाटकोपर आणि पवई यांच्या दरम्यानच्या टेकड्या इमारतींसाठी जेथे जेथे उभ्या कापल्या गेल्या आहेत, तेथे बेसॉल्टचे थर पश्चिमेस, समुद्राच्या बाजूला, स्पष्ट कललेले आढळतात. आणि पूर्वेस माथेरानच्या कड्यांत त्याच दख्खन लाव्ह्याचे थर जवळजवळ आडवे असल्यामुळे, साष्टीतला हा कल लाव्हा थिजल्यानंतर त्यास आला, असे मानणे भाग पडते. भूशास्त्राच्या दप्तरी याची नोंद ‘पनवेलचा वाक’ या नावाने आहे. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली ही सारी उपनगरे त्याच वाकाच्या पट्ट्यात वसलेली आहेत.

हा वाक केव्हा पडला, याची साक्ष खडकांनीच दिली आहे. साकीनाका आणि मनोरी येथील ट्रॅकाइट खडकांचे वय आर्गॉन-पद्धतीने सुमारे 6 ते 6.2 कोटी वर्षे भरते, म्हणजे सह्याद्रीतील मुख्य लाव्ह्याहून ते काही लाख वर्षांनी नव्हे, तर काही दशलक्ष वर्षांनी धाकटे आहेत; आणि सेशेल्सची भूमी भारतापासून तुटून दूर जाऊ लागली तो काळही सुमारे 6.25 कोटी वर्षांपूर्वीचाच; म्हणून या वाकाचा संबंध त्या तुटण्याशी जोडला जातो. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे काळे स्तंभ त्या उत्तरकालीन ज्वालामुखी-क्रियेचेच अवशेष होत.

परंतु भूमी तुटली ती नेमकी या किनाऱ्याच्याच रेषेवर का? या लेखाचा खरा विषय तोच आहे. तेल व नैसर्गिक वायू आयोगातील भूशास्त्रज्ञ एस. के. बिस्वास यांनी 1982 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दाखवून दिले, की कच्छ, खंभात आणि नर्मदा या पश्चिम भारतातील खचद्रोणी आपापल्या जागी यदृच्छेने पडलेल्या नसून, अरवली-दिल्ली, धारवाड आणि सातपुडा या तीन प्राचीन रोखांच्या अनुरोधाने उघडल्या आहेत. त्यांपैकी धारवाडी रोख वायव्य-उत्तरेकडून आग्नेय-दक्षिणेकडे जातो, आणि कोकणकिनाऱ्याची सर्वसाधारण दिशाही तीच आहे. सरपणाचे लाकूड जसे त्याच्या रेषेबरोबर फुटते, तसेच भूकवचाचेही आहे: जुन्या कर्तनपट्ट्यांतील चुरडलेला, अभ्रकयुक्त, पत्रित खडक सभोवतालच्या अभंग ग्रॅनाइटहून दुर्बल असल्याने, ताण येताच तेथे नवा विभंग अल्प बलाने जन्म घेतो. आफ्रिकेतील खचदरीची पश्चिम शाखा टांझानियाच्या कठीण प्राचीन गाभ्यास वळसा घालून जाते, ती याच न्यायाने.

मात्र जुन्या रेषेचा अंमल निरपवाद नसतो. ताणाची दिशा तिच्याशी तिरकी असल्यास नवे विभंग लहान तुकड्यांनी, एकामागे एक सरकलेले निपजतात; पुरेशी तिरकी असल्यास ते जुन्या रेषेस छेदूनही जातात. शिवाय वर चढणाऱ्या शिलारसाची उष्णता स्वतःच खडकास दुर्बल करते, हा घटक साष्टीसारख्या भित्तींनी (भेगांत शिरून थिजलेल्या शिलारसाच्या उभ्या पट्ट्यांनी) विंधलेल्या प्रदेशात विसरून चालणार नाही.

उपनगरांखालचा, लाव्ह्याने झाकलेला प्राचीन खडकांचा पाया डोळ्यांना दिसत नाही, म्हणून पुरावा आजूबाजूने गोळा करावा लागतो. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपानंतर पुढे कोयना परिसरात जी खोल विंधने घेतली गेली, त्यांत सुमारे एक किलोमीटर बेसॉल्टखाली, मध्ये गाळाचा थर न लागता, थेट ग्रॅनाइट आणि पट्टिताश्म लागले. मुरूड-जंजिऱ्याच्या भित्तींनी तर खोल भूकवचाचे तुकडेच वर आणून ठेवले आहेत. समुद्रात, 1974 साली ‘सागर सम्राट’ने ज्या बॉम्बे हायचे तेल शोधले, ते क्षेत्रही प्राचीन पायाच्या उंचवट्यावर असून त्याच्या कडेचे विभंग धारवाडी रोखाचे आहेत. वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून राजापूरपर्यंत किनाऱ्यास समांतर पसरलेल्या गरम पाण्याच्या झऱ्यांची ओळही खोलवर गेलेल्या भेगांकडेच बोट दाखवते.

साष्टीतील पुरावा मात्र दिवसेंदिवस झाकला जात आहे. कापलेल्या टेकडीवर काँक्रीटचा लेप चढण्यापूर्वी तेथील थरांचा कल आणि भित्तींचा रोख मोजून नकाशावर नोंदवण्यास एक दिवस पुरेसा असतो. पवईच्या आयआयटीतील व शहरातील महाविद्यालयांच्या भूशास्त्र-विद्यार्थ्यांना तशी मुभा देण्याची अट बांधकामाच्या परवान्यातच घालावी, अशी माझी महानगरपालिकेस आग्रहाची विनंती आहे.