सहा टोके आणि तीन टोके

शिराळा तालुक्यात मोरणेच्या किंवा वारणेच्या काठाने गेले, की पाणी उपसणारे पंप जागोजाग दिसतात. उसाला पाणी हवे असते नेमकी तेव्हाच मोटर जळते. ती भरायला दुकानात जाते आणि भरून आली की दोन दिवसांत पुन्हा जळते, असेही घडते. दोष तारेला दिला जातो. पण तार उत्तम आणि वेढे अचूक असूनही, केवळ टोके चुकीची जोडल्यामुळे मोटर जळू शकते.

थ्री-फेज मोटरमध्ये तीन सारख्या गुंडाळ्या असतात. प्रत्येकीची दोन, म्हणून एकूण सहा टोके. तिन्हींची एकेक बाजू एकत्र बांधून उरलेली तीन टोके विजेला जोडली, की झाला स्टार. एकीचा शेवट दुसरीच्या सुरुवातीला, असा त्रिकोण केला की डेल्टा. पुरवठा ४१५ व्होल्टचा असेल, तर डेल्टामधील प्रत्येक गुंडाळीला पूर्ण ४१५ व्होल्ट मिळतात. स्टारमध्ये मात्र त्याला ३ च्या वर्गमुळाने, म्हणजे १.७३ ने भागावे लागते, मिळतात २४०.

आता डेल्टासाठी भरलेली मोटर स्टारमध्ये जोडली, तर तिचा जोर एक-तृतीयांश होतो. ती फिरते, पण पाण्याचा भार येताच दमते आणि तापते. उलट चूक जास्त वाईट. २४० व्होल्टच्या गुंडाळीवर ४१५ आले, की लोखंडाचे चुंबकत्व संपृक्त होते, प्रवाह भडकतो आणि भार नसतानाही वार्निशचा वास सुटतो.

पेटीत सहा टोके मोकळी मिळाली, पण खुणा पुसल्या असतील तर? पुरवठा पूर्ण तोडावा आणि पेटीतील जोडपट्ट्या काढाव्यात. एक सेल व छोटा बल्ब घेऊन कोणत्या दोन टोकांतून प्रवाह जातो ते पाहावे. तीन जोड्या सापडतील. मात्र जोडीतील सुरुवात कोणती आणि शेवट कोणता, हे बल्ब सांगत नाही. एक गुंडाळी उलटी जोडली गेली, तर मोटर घुमते, तापते आणि पुन्हा दुकानाची वाट धरते.

येथे शाळेतील गॅल्व्हानोमीटर कामी येतो. प्रत्येक जोडीतील एकेक टोक घेऊन त्या तिघांचा एक जुडगा बांधा, उरलेल्या तिघांचा दुसरा. दोन जुडग्यांमध्ये गॅल्व्हानोमीटर जोडा आणि मोटरचा दांडा हाताने फिरवा. काटा जवळजवळ स्थिर राहिला, तर एका जुडग्यात सगळ्या सुरुवाती आहेत आणि दुसऱ्यात सगळे शेवट. काटा हलला, तर एका जोडीची टोके अदलाबदल करून पुन्हा पाहा. शक्यता चारच आहेत, त्यामुळे फार वेळ जात नाही.

असे का होते? फिरणाऱ्या भागाच्या लोखंडात थोडे चुंबकत्व शिल्लक असते. त्याने तिन्ही गुंडाळ्यांत सारखी, पण एकमेकींपासून १२० अंश मागेपुढे असलेली व्होल्टता निर्माण होते. विद्यार्थ्यांना फळ्यावर १२० अंशांच्या अंतराचे तीन सारखे बाण काढून त्यांची बेरीज करायला सांगा. त्रिकोण पूर्ण होतो, बेरीज शून्य. एक बाण उलटा केला, की दुप्पट लांबीचा बाण शिल्लक राहतो. काटा हलतो तो त्यामुळे. सदिश बेरजेचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

काही मोटरींतून, विशेषतः बोअरमधल्या अनेक पाणबुड्या मोटरींतून, तीनच टोके बाहेर येतात. जोडणी आत झाकलेली. समजा, कोणत्याही दोन टोकांमधील रोध ४ ओहम भरला. मोटर स्टार असेल, तर दोन गुंडाळ्या एकापुढे एक येतात, म्हणून प्रत्येकी २ ओहम. डेल्टा असेल, तर एक गुंडाळी उरलेल्या दोघींना समांतर येते, म्हणून प्रत्येकी ६ ओहम. दोन्ही उत्तरे बरोबर! मीटर कितीही महाग असो, रोध मोजून यांतील खरे कोणते ते ठरणार नाही. स्टार आणि डेल्टा यांच्या या समतुल्यतेचे गणित आर्थर केनेली यांनी १८९९ मध्ये प्रसिद्ध केले. केनेली यांचा जन्म १८६१ चा, आपल्या मुंबईतला, कुलाब्याचा. पुढे अमेरिकेत त्यांनी एडिसनकडे काम केले.

मग २ आणि ६ ओहममध्ये फरक कशाचा? त्याच जोराच्या डेल्टा मोटरीत वेढे १.७३ पट जास्त आणि तार तितक्याच पटीने कमी जाडीची, म्हणजे कमी काटछेदाची, असते. दोन्ही मिळून रोध तिप्पट. म्हणून जुनी गुंडाळी कापून काढताना वेढे आणि तारेचा गेज लिहून घेतला, पण आतील जोड कसा होता हे लिहिले नाही, तर नोंद अर्धीच राहते. कापण्यापूर्वी पाहावे : बाहेर येणाऱ्या प्रत्येक तारेला गुंडाळीचे एकच टोक जोडलेले असून आत तिघांची वेगळी गाठ असेल, तर स्टार, प्रत्येक तारेला दोन टोके असतील, तर डेल्टा. नावाची पट्टी शाबूत असेल, तर तीवरील खूणही ताडून पाहावी.

सगळे नीट जोडूनही पंप उलटा फिरला, तर गुंडाळ्यांना हात लावू नये. पुरवठा बंद करून विजेच्या तीन तारांपैकी कोणत्याही दोन आपसांत बदलाव्यात.