किसनावरची पाळत

आमच्या वाशीमकडं ‘गाभ्रीचा’ हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. बैल तासात अडून बसला, ऐन ओलिताच्या वेळी लाइन गेली, की तो आपसूक तोंडातून निघतो. शिवीच ती, पण आपल्या माणसावरही उगारता येते अशी. सतीश मन्वर यांनी २००९ साली ती सरळ पावसालाच दिली आणि आपल्या पहिल्या चित्रपटाचं नाव ठेवलं ‘गाभ्रीचा पाऊस’.

विषय शेतकऱ्याच्या आत्महत्येचा, आणि थिएटरात लोक हसतात. वऱ्हाडाबाहेरच्या कुणाला हे सांगितलं की तो चपापतो. इथल्या माणसाला मात्र ते हसू कुठून येतं ते लगेच कळतं, कारण त्यातली अलका त्यानं आपल्या घरात पाहिलेली असते.

शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिलेला आहे. किसना कर्जात आहे, कापूस पेरून आभाळाकडं बघतो आहे आणि अलीकडं फार बोलत नाही. त्याची बायको अलका हिच्या मनात पाल चुकचुकते. मग ती घरातल्या घरात बंदोबस्त लावते. सासूनं लक्ष ठेवायचं. दिनूनं, म्हणजे लहानग्या पोरानं, बापाचा पिच्छा सोडायचा नाही. बाप शेतात गेला की पोर मागं, बाप उठला की पोर उभं. घरात चणचण असताना पुरणपोळीचा घाट घातला जातो, का तर नवऱ्याचं मन रमावं. किसनाला कळेना की सगळं घर आपल्याभोवती का घुटमळतंय. गिरीश कुलकर्णींच्या चेहऱ्यावरचं ते बुचकळ्यात पडणं, सोनाली कुलकर्णींची सतत मागं वळून बघणारी नजर आणि ज्योती सुभाष यांची सासू, या तिघांनी तो विनोद तोलून धरला आहे. यातलं कुणीही किसनाची टर उडवत नाही. जीव लावणारी माणसं घाबरली की जे करतात, तेच ती करतात, आणि आपण हसता हसता त्यांच्यात आपल्या आईला, वहिनीला ओळखतो. शेवट इथं सांगत नाही. चित्रपट जरूर बघा.

अलकाचं अर्धं बरोबरच होतं. ज्याची काळजी वाटते त्याला एकटं सोडू नये, हे डॉक्टरही सांगतात. राहून गेलं ते दुसरं अर्धं. घरभर पाळत आहे, पण किसनासमोर बसून ‘तुमच्या मनात जिवाचं काही येतं का?’ असं सरळ विचारणं किती अवघड! आपल्याकडं या गोष्टीचं नावसुद्धा घेत नाहीत. ‘काही बरंवाईट करून घेईल’ एवढ्यावर भागवतात. विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल, ही भीती घरोघर आहे. ती खरी नाही. मानसोपचारातला आजवरचा अभ्यास सांगतो की, असा प्रश्न विचारल्यानं धोका वाढत नाही. उलट माणसाचा कोंडमारा कमी होतो. हे एक वाक्य वाशीमच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवावं, असं मला मनापासून वाटतं.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला आणि काही वर्षांतच त्याचं नाव शेतकरी आत्महत्यांच्या दुःखद यादीत गेलं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम, वर्धा. या सहा जिल्ह्यांसाठी जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. सिंचन, व्याजमाफी, बियाणं, जोडधंदा असं बरंच काही त्यात होतं. शेतीचं दुखणं हटल्याशिवाय हे थांबणार नाही, हे मलाही मान्य आहे. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ साठी ४,८९२ रुपये ठरला आणि बाजार त्याखालीच रेंगाळला, तेव्हा नुसत्या समुपदेशनानं काय होणार, हा रिसोड-मालेगावच्या पारावरचा सवाल रास्तच आहे. पण भाव सुधारेपर्यंत माणूस जगायला हवा ना?

सरकारदरबारी आपल्याकडं सर्वांत रुळलेले शब्द आहेत ‘पात्र’ आणि ‘अपात्र’. माणूस गेल्यावर समिती बसते, कर्ज, सातबारा, तगादा तपासते. प्रकरण पात्र ठरलं तर एक लाखाची मदत, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. त्या घराला ते लागतातच. मात्र ही सगळी फाइल सुरू होते ती माणूस गेल्यावर.

आधीच्या टप्प्यावर काय करता येतं, हे शेजारच्या अमरावती जिल्ह्यात दिसलं. गोव्याच्या ‘संगाथ’ संस्थेच्या पुढाकारानं तिथल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम राबवला गेला. गावातल्याच माणसांना शिकवून तयार केलं, त्यांनी घरोघरी जाऊन बोलायचं, गरज असेल त्याला समुपदेशकाकडं आणि पुढं डॉक्टरकडं पोचवायचं. अठरा महिन्यांत नैराश्यावर मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं, आणि जीव नकोसा झाल्याचे विचार आलेल्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. २०१७ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट सायकायट्री’त छापून आले. पाहणी आधीची आणि नंतरची अशी होती, त्यामुळं सगळं श्रेय कार्यक्रमाला देता येत नाही. तरी गावातला माणूस गावातल्या माणसाशी बोलला की दार उघडतं, एवढं त्यातून नक्की दिसतं. राज्य सरकारनंही २०१५ मध्ये ‘प्रेरणा प्रकल्प’ आणला. विदर्भ-मराठवाड्याच्या १४ जिल्ह्यांत, त्यात आपलं वाशीमही आलं, आशाताईंनी प्रश्नावली घेऊन शेतकऱ्यांच्या घरी जायचं ठरलं.

कायदाही बदलला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायला सांगितलं, आणि १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम उरलेलं नाही. ‘पोलीस केस होईल’ म्हणून दवाखाना टाळायचं आता कारण नाही.

आणि सिनेमा, नाटक? त्यांचा खरंच उपयोग होतो का? व्हिएन्नाच्या संशोधकांनी २०१० मध्ये एक गोष्ट मांडली. आत्महत्येच्या रंगवून दिलेल्या बातम्यांनी धोका वाढतो, पण संकटातून तगून निघालेल्या माणसाची गोष्ट वाचली की तो कमी होऊ शकतो. मोत्सार्टच्या ऑपेरातल्या पापागेनो या विनोदी पात्राचं नाव त्यांनी याला दिलं, कारण त्याला ऐन वेळी तीन मुलं दुसरी वाट दाखवतात. दिनूची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. आपल्याकडं श्याम पेठकर यांनी लिहिलेलं आणि हरीश इथापे यांनी बसवलेलं ‘तेरवं’ हे नाटकही याच वाटेवरचं. शेतकऱ्यामागं राहिलेल्या बायाच त्यात रंगमंचावर उभ्या राहतात. त्यांतल्याच वैशाली येडे यांनी जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन केलं. मागं राहून संसार ओढणाऱ्या बाईला एवढ्या मोठ्या मांडवात ऐकून घेतलं गेलं, ही मी फार मोठी गोष्ट मानतो.

माणसाइतकीच नजर घरातल्या विषावरही हवी. फवारणीच्या विषाला आपण ‘औषध’ म्हणतो आणि ते घरातच, कणगीमागं ठेवतो. श्रीलंकेनं सर्वांत घातक कीटकनाशकं बंद केली आणि १९९५ नंतरच्या दोन दशकांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. जिवावरची घटका पुष्कळदा थोडाच वेळ टिकते. तेवढ्यात हाताशी काही नसलं आणि जवळ कुणी असलं, तर माणूस वाचतो. जवळ कुणी नसेल, तर १४४१६ हा टेली-मानस या मदतवाहिनीचा नंबर रात्रीबेरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

गेल्या पावसाळ्यात मालेगाव तालुक्यातल्या एका ओसरीवर मी बसलो होतो. आशाताईंनी कागद बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, “भाऊ, जीव नकोसा वाटते का कधी?” भाऊ बराच वेळ सुपातली तूर चिवडत राहिले. मग विकलेल्या बैलजोडीचं सांगू लागले, कोणता बैल डाव्या अंगाचा, कोणता हाकेला वळायचा. चहा निवून गेला. ताई निघाल्या तेव्हा ते आत गेले, औषधाच्या पेटीची किल्ली आणून त्यांच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, “शेजारच्या काकाजीपाशी देजा. फवाऱ्याच्या दिवशी मागून घेतो मी.”