मेंदू मापण्याचा गज

मेंदूचा कोणता भाग किती साखर जाळतो, हें पेट-चित्रणांत दिसतें. त्याकरितां किरणोत्सर्गी फ्लोरिन जोडलेली साखर शिरेंतून देतात. माणसाच्या मेंदूवर हा प्रयोग १९७६ सालीं पेनसिल्व्हानियांत प्रथम झाला. परंतु चित्रांतील आंकडा दिलेल्या मात्रेप्रमाणें व रक्तांतील साखरेप्रमाणें बदलतो. म्हणून त्याच मेंदूंतील एक भाग गज मानून बाकीचे त्यानें मापतात.

मग सबंध मेंदूची सरासरीच गज कां मानूं नये? आम्हां मास्तरांना विचारा! अर्धा वर्ग नापास झाला कीं सरासरी उतरते आणि मध्यम मुलगा हुषार ठरतो. अल्झायमरच्या विकारांत मेंदूच्या मागील व कानशिलांकडील भागांत साखरेचा खप घटतो. त्यासरशी सरासरीहि घटते. हानि आहे त्याहून थोडी दिसते, आणि वयोमानाचा विसर म्हणून रोगी घरीं परत धाडला जाण्याचा धोका असतो.

मेंदूच्या देठांतील ‘पॉन्स’ हा भाग या विकारांत बहुतांशीं शाबूत राहतो, असें मिनोशिमा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९५ सालीं दाखविलें. लहान मेंदूहि पुष्कळदां गज म्हणून घेतात. पण पक्षाघातानें मोठ्या मेंदूची एक बाजू दुखावली असल्यास लहान मेंदूच्या विरुद्ध बाजूचा खप उतरूं शकतो. गजच आंखूड झाला, तर बाकीचा मेंदू आहे त्याहून बरा भासतो. अशा रोग्यासाठीं दुसरा गज शोधावा लागतो.