पुस्तकात नसलेले साल

दोन पुस्तके शेजारी ठेवून पाहू. विभावरी शिरूरकर यांचा ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह १९३३चा, साने गुरुजींची ‘श्यामची आई’ १९३५ची. जुन्या प्रती हातात घेतल्या तर दोन्हींचा कागद सारखाच पिवळा आणि शिवण सारखीच सैल. दोन वर्षांनी धाकटे असलेले पुस्तक १ जानेवारी २०११ रोजी सर्वांसाठी मोकळे झाले. थोरले मोकळे व्हायला २०६२ साल उजाडेल. आपल्याकडे लेखकाच्या नावाने छापलेल्या पुस्तकाचा प्रताधिकार पुस्तकाच्या वयावर ठरत नाही. लेखक ज्या वर्षी वारला, त्याच्या पुढच्या १ जानेवारीपासून साठ वर्षे मोजायची. गुरुजी १९५० मध्ये गेले. विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर, त्या २००१ पर्यंत होत्या. टोपणनावामागची व्यक्ती कधीच कळली नसती, तर प्रकाशनापासून वर्षे मोजून ते पुस्तक केव्हाच मोकळे झाले असते. नाव उघड झाले आणि हिशेब मालतीबाईंच्या आयुष्याला जोडला गेला.

जुनी पुस्तके इंटरनेटवर आणण्याच्या कामात ही तपासणी म्हणजे खऱ्या कामाआधीची कटकट, असे सर्रास मानले जाते. स्कॅनर, चांगला कॅमेरा, मजकूर ओळखणारे सॉफ्टवेअर यांना काम म्हणायचे आणि हक्क तपासणे ही कारकुनी. मला हे मान्य नाही. हक्काची तपासणी हे वाङ्मयेतिहासाचे काम आहे. ते आपण वेळेवर केले नाही म्हणून कितीतरी मोकळी पुस्तके उगाच कुलपात राहतात आणि ज्यांचे हक्क जिवंत आहेत अशी पुस्तके बेधडक चढवली जातात. दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे: कायद्याला हवे असलेले साल पुस्तकात छापलेले नसते.

मग पुस्तकात असते काय? शंभर वर्षांपूर्वीच्या मराठी पुस्तकाचे मुखपृष्ठ उलटले की मुद्रकाचे नाव, छापखान्याचा पत्ता, आवृत्ती, किंमत आणि १८६७च्या पंचविसाव्या ‘आक्टा’प्रमाणे सर्व हक्क ग्रंथकर्त्याने स्वाधीन ठेवल्याची ओळ सापडते. ती ओळ पाहून अनेक जण दचकतात. तो आक्ट छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीचा; प्रताधिकाराची मुदत त्यावरून ठरत नाही. छपाईचे साल बहुधा शकात असते. त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन येतो, पण माघात छापलेल्या पुस्तकाला एकोणऐंशी मिळवावे लागतात: शके १८४१चा माघ म्हणजे १९२० सालचा आरंभ. लेखक अज्ञात असेल किंवा पुस्तक त्याच्या पश्चात निघाले असेल, तर मुदत प्रकाशनापासून मोजतात. तेव्हा हे एक वर्षही महत्त्वाचे ठरते. डॉ. आंबेडकर १९५६ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०१७ पासून मोकळे आहे. ‘रिडल्स इन हिंदुइझम’ मात्र राज्य शासनाने १९८७ मध्ये प्रथम छापले, त्यामुळे त्याची मुदत २०४७ अखेरपर्यंत जाते. लेखक एकच, मृत्यूचे सालही एकच, तरी दोन पुस्तकांचे हिशेब निरनिराळे.

त्याहून नाजूक भाग म्हणजे एकाच पुस्तकातले अनेक हात. ‘एकच प्याला’ गडकऱ्यांचे. गडकरी १९१९च्या जानेवारीत गेले, त्यामुळे नाटकाच्या संवादांवर आज कोणाचाही हक्क नाही. परंतु त्यातली पदे वि. सी. गुर्जर यांची आहेत आणि गुर्जर १९६२ पर्यंत हयात होते. म्हणजे पदांसकट संपूर्ण नाटक निर्धास्तपणे इंटरनेटवर ठेवता येऊ लागले ते १ जानेवारी २०२३ पासून. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सात शतकांहून जुन्या, पण सोनोपंत दांडेकरांच्या सार्थ ज्ञानेश्वरीतला अर्थ सोनोपंतांचा आहे आणि ते १९६८ मध्ये गेले. मूळ ओवी आज उतरवून घेता येते, खालच्या अर्थासाठी २०२८ संपण्याची वाट पाहायला हवी. दीनानाथ दलालांचे मुखपृष्ठ असेल तर पुस्तक मोकळे आणि वेष्टन बंद, असेही होते, कारण दलाल १९७१ मध्ये गेले. याच तर्काने नव्या आवृत्तीवरच्या ‘सर्व हक्क सुरक्षित’ या शिक्क्यालाही भिण्याचे कारण नाही. गडकऱ्यांचा मजकूर पुन्हा जुळवून छापला म्हणून त्यावर नवा हक्क उगवत नाही. हक्क असतो तो नव्या प्रस्तावनेवर आणि टिपांवर. तेवढी पाने वगळावीत.

यावर पहिला आक्षेप तळमळीचा असतो: कागदाचा भुगा होतोय, वाळवी थांबत नाही, तारखा कसल्या शोधत बसता? वाळवीचा मुद्दा खराच आहे, पण स्कॅन करणे आणि जगासमोर ठेवणे या दोन वेगळ्या कृती आहेत. नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे पुस्तकाची छापील प्रत असेल, तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत साठवायला कायद्याचीच मुभा आहे. तेव्हा स्कॅन आजच करावे, तपासणी होईपर्यंत ते आतच ठेवावे. दुसरा आक्षेप व्यवहारी: एवढ्या जुन्या पुस्तकासाठी कोर्टात कोण जाणार? बहुधा कोणीच नाही. तरीही लेखकाच्या वारसाला विचारून ठेवलेले पुस्तक टिकते. न विचारता ठेवलेले एका पत्राने काढावे लागते आणि त्या संग्रहातल्या इतर शेकडो पुस्तकांकडेही संशयाने पाहिले जाते. शिवाय सर्व्हर अमेरिकेत असेल तर तिथला कायदाही आडवा येतो. ‘श्यामची आई’च्या काळातल्या ज्या पुस्तकाचे हक्क १९९६च्या आरंभी आपल्याकडे जिवंत होते, त्याला तिथे प्रकाशनापासून पंचाण्णव वर्षे संरक्षण आहे. त्यामुळे ‘श्यामची आई’ आपल्याकडे मोकळी असूनही तिथे २०३० अखेरपर्यंत मोकळी नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. मुदत मुळातच फार लांब आहे आणि ती बड्या नावांसाठी वाढवली गेली. १९५७च्या कायद्यात पन्नास वर्षे होती. १९४१ मध्ये वारलेल्या रवींद्रनाथांचे साहित्य मोकळे व्हायची वेळ आली, तेव्हा १९९१च्या अखेरीस दहा वर्षे वाढवण्यात आली. त्याच वर्षी वारलेले भा. रा. तांबेही त्या दहा वर्षांत अडकले आणि त्यांच्याबरोबर ज्यांना कोणी छापत नव्हते असे कितीतरी लेखक. ही वाढ अनाठायी होती, असे माझेही मत आहे. पण कायदा लांब आहे म्हणून तपासणी सोडणे हा उलटा उपाय झाला. लांब मुदतीतून कोण सुटला आहे, हे कळायलाच तपासणी लागते.

आणि ती अशक्य नाही. शं. ग. दात्यांची मराठी ग्रंथसूची १८०० ते १९५० पर्यंतच्या पुस्तकांचा पत्ता देते. सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांचा चरित्रकोश आणि गं. दे. खानोलकरांचे ‘अर्वाचीन मराठी वाङ्मयसेवक’ नामवंतांची साले देतात. अडते ते या ग्रंथांत न बसलेल्यांपाशी: तालुक्याच्या गावी पाकशास्त्र लिहिणारी बाई, शेतीवर पुस्तिका काढणारा शाळामास्तर, पदरमोड करून नाटक छापणारा वकील. मालकाचा पत्ता लागत नसेल तर परवान्यासाठी अर्ज करता येतो, पण त्याआधी देशभर खपाच्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यावी लागते. सव्वा रुपयाच्या पुस्तिकेसाठी हे कोण करील? त्यांची मृत्यूची साले फक्त घरच्यांना ठाऊक असतात आणि ती माहिती कागदापेक्षा लवकर नष्ट होते. म्हणून ज्यांच्या घरी आजोबांचे, पणजीचे, चुलत्याचे एखादे छापील पुस्तक असेल, त्यांनी एवढे करावे: आतल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने त्यांचे पूर्ण नाव, गाव आणि मृत्यूचे साल लिहावे आणि ते साल जवळच्या ग्रंथालयाच्या नोंदवहीतही चढवून घ्यावे.